साडेपाच तास

गावात फौजी पुष्कळ. पायदळातले, तोफखान्यातले, एक रणगाड्यावरचा. विमानदळातला मात्र एकच, म्हणून नाथाजींना गाव ‘हवाई फौजी’ म्हणतं. विमानात ते उभ्या आयुष्यात दोनदा बसले. त्यांचं काम विमानतळावरच्या हवामान कक्षात होतं. दर तासाला बाहेर जायचं, पारा बघायचा, वाऱ्याची दिशा बघायची, आकाशाचे आठ भाग कल्पून त्यातल्या किती भागांत ढग आहेत ते ठरवायचं आणि वहीत लिहायचं. आधी आसामात, मग राजस्थानात, शेवटी दक्षिणेत. वीस वर्षं त्यांनी आभाळ वहीत उतरवलं आणि चाळिशीत पेन्शन घेऊन कुंडलच्या पलीकडच्या आपल्या गावी, दीड एकर उसाकडे परतले.

गावाने त्यांना पाणीपुरवठा संस्थेचा सचिव केलं. हा माणूस आकडा बदलत नाही, असं सगळ्यांचं मत होतं. नाथाजींचंही आपल्याबद्दल तेच मत होतं.

संस्था नदीतून पाणी उचलते आणि पाइपातून शिवारात सोडते. खालच्या लायनीवर चौदा सभासद, प्रत्येकाला आठ तासांची पाळी. कोणामागे कोण, ते सभेत ठरतं, इतिवृत्ताच्या वहीत लिहिलं जातं, मग सचिव त्याची यादी संगणकावर करतो आणि ती कार्यालयाबाहेरच्या फळ्यावर लागते. फळ्यावर लागलेली यादी म्हणजे कायदा. तिच्यावरून भाऊ भावाशी बोलेनासे झालेले आहेत. यादीप्रमाणे व्हॉल्व्ह उघडणारा आणि बंद करणारा जो माणूस, तो पाटकरी. अकरा वर्षं हे काम ज्योतिबाने केलं.

ज्योतिबा मूळचा जतकडचा, धनगराचा. त्याचा बाप दरसाल मेंढरं घेऊन इकडे यायचा, ऊस तुटून गेलेल्या रानात खतासाठी मेंढरं बसवायचा आणि पुढे जायचा. एका वर्षी कळप पुढे गेला आणि ज्योतिबा मागे राहिला. त्याला लिहिता-वाचता येत होतं, पण फार नाही. नाथाजींनी त्याला संगणक चालू करून यादी छापायला शिकवलं, आणि हे आपण शिकवलं, ही गोष्ट ते चारचौघांत सांगत.

त्या संगणकावर दोन सिस्टीम होत्या. हिशेबाचा प्रोग्रॅम विंडोजवरच चाले. पण पेन ड्राइव्हवरून आलेल्या व्हायरसने पाळीच्या याद्या दोनदा खाल्ल्या, तेव्हा सांगलीला इंजिनिअरिंग शिकणाऱ्या पुतण्याने त्याच मशीनमध्ये शेजारी लिनक्स बसवून दिली. बिलं विंडोजमध्ये, याद्या आणि पत्रं लिनक्समध्ये. मशीन सुरू केलं की काळ्या पडद्यावर दोन ओळी येत आणि कोणती उघडू ते विचारत.

“दोन बायकांचा दादला हाय ह्यो,” ज्योतिबा म्हणायचा. “सकाळी हिच्याकडं, दुपारी तिच्याकडं. सायेब, ह्येचं घड्याळबी त्यामुळंच येड्यावानी करतंय.”

“सेल गेलाय आतला,” नाथाजी म्हणायचे. त्यांनी सेल बदलला. घड्याळ पुन्हा चुकलं तेव्हा पुन्हा बदलला आणि दोष गेला असं धरलं. त्यांच्या स्वतःच्या मनगटावर पहिल्या पगारात घेतलेलं किल्लीचं घड्याळ होतं, रोज रेडिओच्या ठोक्याला लावलेलं. पडद्याच्या कोपऱ्यातला आकडा बघायची त्यांना कधी गरज पडली नाही.

डिसेंबरात सभा झाली. चार वाजता संपली. दुसऱ्या दिवशी ज्योतिबाने नेहमीसारखी यादी छापून फळ्यावर लावली आणि तिच्याप्रमाणे पाणी सोडलं. पाचव्या पाळीला पाणी अर्जुनाच्या रानात गेलं. अर्जुना हाही धनगर, चार वर्षांपूर्वी एक एकर घेतलेला. त्याची पाळी संपली आणि ट्रान्सफॉर्मर जळाला. पाच दिवस वीज नव्हती. अर्जुनाच्या मागे दादासो होते, संस्थेचे चेअरमन. त्यांचा अडीच एकर आडसाली ऊस त्या पाच दिवसांत पाण्यावाचून पिवळा पडला.

दादासोंनी इतिवृत्ताची वही मागवली. वहीत क्रम स्पष्ट होता: पाच दादासो, सहा नानासो, सात अर्जुना. फळ्यावर मात्र पाच अर्जुना.

तातडीची सभा बोलावली. नाथाजींनी आदल्या दिवशी मशीन उघडून बघितलं होतं. फाइलवर तिच्या शेवटच्या बदलाची वेळ असते हे त्यांना ठाऊक होतं. सभेच्याच तारखेची वेळ होती, रात्री नऊ सत्तेचाळीस. त्यांनी तो कागद छापून आणला आणि सभेत वाचून दाखवला. आवाज न चढवता वाचला. आपण न्याय्य बोलतो आहोत हे त्यांना त्या वेळी आतून जाणवत होतं आणि ते बरं वाटत होतं, हे त्यांना पुढे आठवत राहिलं.

“रात्री नऊ वाजता कार्यालयाची किल्ली कुणाकडे असते?” त्यांनी विचारलं.

सगळ्यांनी दाराकडे बघितलं. ज्योतिबा दारात उभा होता. सभेत तो नेहमी दारातच उभा राही. रात्री आठ वाजता पाळीचा व्हॉल्व्ह बदलून तो कार्यालयात येऊन भाकरी खाई आणि तिथंच झोपे.

“आपल्या मान्साला वर घेतला व्हय रं?” दादासो म्हणाले. “अकरा वर्सं खाल्लंस की हितलं.”

“मी हात लावला न्हाई,” ज्योतिबा म्हणाला. मग नाथाजींकडे बघून म्हणाला, “सायेब, मी हात लावला न्हाई.”

“फाइलवर वेळ आहे, ज्योतिबा,” नाथाजी म्हणाले. “वेळ खोटं बोलत नाही.”

ज्योतिबा त्यांच्याकडे बराच वेळ बघत राहिला. त्या बघण्याचा अर्थ नाथाजींनी तेव्हा असा लावला की माणूस पकडला गेला की असंच बघतो. मग त्याने करदोट्याची किल्ली सोडली, आत येऊन टेबलावर ठेवली आणि गेला. अर्जुनाची पाळी हंगामभर शेवटी टाकायची, असा ठराव झाला. तो नाथाजींनीच सुवाच्य अक्षरात लिहिला.

एप्रिलमध्ये घड्याळ पुन्हा चुकतंय असं नव्या पाटकऱ्याने सांगितलं म्हणून नाथाजींनी तिसऱ्यांदा सेल बदलला. त्यानंतर काळ्या पडद्यावरच्या दोन ओळी येईनाशा झाल्या. मशीन थेट विंडोजमध्ये जाई. सगळ्या याद्या पलीकडे अडकल्या. आधीच्या दोन वेळी पुतण्याने येऊन ते नीट केलं होतं; तो आता पुण्यात नोकरीला होता. नाथाजींनी मशीन चादरीत गुंडाळलं, मांडीवर घेऊन एसटीत बसले आणि सांगलीला विश्रामबागेत क्रांती नावाच्या मुलीच्या दुकानात गेले. दुकान लहान होतं. ती तिशीची, बोलता बोलता हात चालवणारी.

“सेल कुणी बदलला, काका?”

“मीच.”

“मग तेच. सेल काढला की ह्या जुन्या बोर्डाला काही आठवत नाही. आधी कुणाला उठवायचं हेच विसरलंय ते. तुमची दुसरी सिस्टीम आत आहे, कुठं गेली नाही.” तिने दोन-चार कळा दाबल्या आणि त्या दोन ओळी परत आल्या. “पण सेल बदललात कशाला?”

“घड्याळ चुकतं. तिसऱ्यांदा बदलला.”

क्रांती हसली. “शंभर बदला. सेलचा दोषच नाही. मशीनमध्ये घड्याळ एक आणि मालकिणी दोन. विंडोज म्हणते, घड्याळात जी वेळ आहे तीच आपली वेळ. लिनक्स म्हणते, ही ग्रीनिचची वेळ, आपली पाहिजे तर तिच्यात साडेपाच तास मिळवा. इंटरनेट असेल तर लगेच सुधारतं. तुमच्याकडे आहे?”

“सकाळी. मोबाइलवरून. बिलांपुरतं.”

“म्हणजे सकाळी विंडोजमध्ये वेळ बरोबर लागते. आणि दुपारी इंटरनेट नसताना लिनक्स उघडलं की बरोब्बर साडेपाच तास पुढं. चार वाजलेत, तर ते म्हणणार साडेनऊ.”

साडेपाच हा आकडा तिने सहज उच्चारला. नाथाजींना तो कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. जगातल्या सगळ्या हवामान कक्षांत नोंद ग्रीनिचच्या वेळेने होते. आसामात पहाटे साडेपाचला दवात उभं राहून घेतलेली नोंद ते शून्य वाजता म्हणून लिहीत. वीस वर्षं मनगटावर एक वेळ आणि वहीत दुसरी. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी त्यांनी साडेपाच वजा करून दाखवले असते. गावात हे करू शकणारा दुसरा माणूस नव्हता.

नऊ सत्तेचाळीस. चार सतरा.

आणि चार सतरा म्हटल्याबरोबर ती दुपार आपोआप समोर आली. सभा संपली होती, खुर्च्या सरकवल्या जात होत्या. नानासो पत्रिकांचा गठ्ठा काखेत मारून टेबलापाशी आला होता. “फौजी, पोरीच्या लग्नाची गडबड हाय. माझी पाळी अर्जुनाच्या मागं टाका की. त्यो तयार हाय.” पाळी अशी आपसांत बदलून घेणं चालतं, त्याला ठराव लागत नाही. नाथाजींनी नुकत्याच टाइप केलेल्या यादीची फाइल उघडली. अर्जुनाची ओळ कापली, नानासोच्या वर चिकटवायची होती. ती एक घर जास्त वर गेली. दादासोंच्याही वर. त्यांनी न बघता जतन केली, पत्रिका घेतली आणि घरी गेले. तातडीच्या सभेला नानासो मुलीच्या सासरी गेला होता. अर्जुनाला कुणी विचारलं नाही. नाथाजी मात्र होते, हातात कागद घेऊन.

“काका, पाणी देऊ?” क्रांती विचारत होती. “ऊन लागलं काय?”

“आधीच्या फायलींवरच्या वेळा सुधारतील का?”

“नाही हो. त्या पडल्या तशा पडल्या. इथून पुढं नीट लागेल.” तिने एक ओळ लिहिली, मशीन पुन्हा सुरू केलं. दोन्हीकडे एकच वेळ होती.

अकरा दिवस नाथाजींनी कुणाला काही सांगितलं नाही. त्या अकरा दिवसांत त्यांनी मनात पुष्कळ वाक्यं तयार केली. मशीनमध्ये दोष निघाला आहे. संगणकाने चुकीची वेळ दाखवली. असा प्रकार कुणाच्याही लक्षात येत नाही. वाक्यं सगळी खरी होती आणि प्रत्येक वाक्य तोंडापर्यंत आलं की त्यांना त्याची घाण येई. पुतण्याचा फोन आला, तेव्हा एक क्षणभर त्यांनी त्यालाही दोष देऊन पाहिला.

अर्जुना रस्त्यात भेटे आणि पूर्वीसारखाच रामराम करी. नाथाजी दुसऱ्या गल्लीने जाऊ लागले. फळ्यासमोरून जाताना ते चप्पल नीट करायला वाकत.

“तुमास्नी झालंय काय?” लीलाबाईंनी ताट वाढताना विचारलं. “घास हातात धरून बसताय. डागदरला दाखवा.”

“सातारला जाऊन येतो,” नाथाजी म्हणाले.

ज्योतिबा साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या फाटकावर पहारेकरी होता, एवढं अर्जुनाकडून गावात कळलं होतं. नाथाजी स्टँडवरून रिक्षाने गेले आणि तीन फाटकं चुकून चौथ्यावर पोचले. ज्योतिबा निळ्या गणवेशात स्टुलावर बसला होता. शर्ट त्याच्या मापाचा नव्हता, बाह्या दोनदा दुमडलेल्या होत्या. त्याने नाथाजींना पाहिलं आणि उठला नाही. पुढ्यातली वही सरकवली.

“नाव लिवा. कुणाला भेटायचं?”

“तुला.”

“तसा रकाना न्हाई ह्येच्यात.”

नाथाजींनी उभ्या उभ्याच सांगायला सुरुवात केली. दोन सिस्टीम, एक घड्याळ, साडेपाच तास. आत जाणारा ट्रक आला तेव्हा ते थांबले. ज्योतिबाने ट्रकचा नंबर लिहून घेतला, फाटक उघडलं, लावलं, परत येऊन बसला. नाथाजींनी उरलेलं सांगितलं: नानासो, पत्रिका, एक घर जास्त वर गेलेली ओळ. बोलताना आपण घड्याळावर फार वेळ घालवला आणि ओळीवर फार कमी, हे त्यांना ऐकू आलं.

“ठावं हाय,” ज्योतिबा म्हणाला.

“काय?”

“यादी तुमी वर-खाली केली त्ये. मी पाना न्यायला आलतो तवा. तुमच्या पाठीमागच्या कपाटात हुता. तुमी मशीनवर हुता. नानासो पत्रिका दाखवीत हुता.”

“मग सभेत का बोलला नाहीस?”

“आवं सायेब, कागद तुमच्या हातात हुता. माझ्या हातात काय, पाना?” ज्योतिबा थोडं हसला. “मी तुमच्याकडं बघितलं की. म्हनलं, आता बोलतील. मग बोलतील. तुमी म्हनला, वेळ खोटं बोलत न्हाई.”

“मी विसरलो होतो, ज्योतिबा. खरंच आठवलं नाही.”

“मला वाटलं, सायबांनी कायतरी केलंय आनि आता अंगावर येतंय म्हनून माझ्या गळ्यात घातलंय. चार म्हैनं मी तुमाला लबाड समजत हुतो. बायकोलाबी तसंच सांगितलं.” त्याने वहीत रेघ ओढल्यासारखं बोट फिरवलं. “आता तुमी सांगताय, लबाडी न्हवती. नुसतं इसरला. माझ्याकडं बोट करताना एकडाव आठवून बघावं, असंबी वाटलं न्हाई तुमास्नी. ह्ये तर लय वंगाळ झालं की.”

उन्हात नाथाजींची सावली पायाशी गोळा झाली होती. त्यांनी विचारलं, परत येशील का, पाटकरी म्हणून? मी चेअरमनांशी बोलतो.

“पाण्यासाठी आलाय व्हय? नवा पाटकरी झोपतो म्हंत्यात.”

“नाही. त्यासाठी नाही.”

“मग हितं कशाला सांगताय? हितं ऐकाय कोन हाय, मी सोडून? मला तर ठावंच हुतं.” ज्योतिबाने वही पुन्हा पुढे सरकवली. “जितं बोलला तितं बोला. आनि वेळ लिवा जातानाची. माझी वही तपासत्यात.”

नाथाजींनी मनगटाकडे बघून वेळ लिहिली. बारा वाजून दहा मिनिटं.

महिन्याच्या सभेत, आयत्या वेळच्या विषयांत ते उभे राहिले. आधी ठरवलं होतं की दारात जाऊन उभं राहायचं, पण ते नाटक वाटेल म्हणून टेबलापाशीच राहिले. या वेळी घड्याळाचं एका वाक्यात उरकलं आणि ओळीचं सविस्तर सांगितलं. कापली, चिकटवली, बघितलं नाही, विसरलो, आणि मग दुसऱ्यावर घातलं. नानासो समोर होता. त्याने कपाळाला हात लावला. “आयला, व्हय की. मीच आलतो पत्रिका घेऊन.”

मागून कोणीतरी म्हणालं, “हवाई फौजी, आसामातबी असंच ढग मोजलं काय?” सगळे हसले. नाथाजींना वाटलं होतं, लोक चिडतील. लोक चिडले नाहीत. त्यांना हायसं वाटल्यासारखं दिसलं.

“म्हंजी मशीनचा घोळ,” दादासो म्हणाले. “मिटलं. आपल्यातल्या कुनाचीच चूक न्हाई. अर्जुनाला पुढच्या हंगामात नंबरवर घ्या. लिवा, सेक्रेटरी: संगणकातल्या तांत्रिक बिघाडामुळं गैरसमज झाला.”

“मशीनने ज्योतिबाचं नाव घेतलं नव्हतं, चेअरमन. मी घेतलं.”

“आवं पर त्यो गेला, काम बघतोय सातारला, सुखात हाय. कशाला उकरताय?”

“आणि तुम्ही विचारलंत, आपल्या माणसाला वर घेतला का. ते आपण सगळ्यांनी लगेच मानलं.”

खोलीतलं हसू गेलं. अर्जुना भिंतीला टेकून बसला होता, तो खाली जमिनीकडे बघू लागला. दादासो पानाची पिंक टाकायला म्हणून उठून बाहेर गेले आणि परत येऊन बसले.

इतिवृत्त सचिवाने लिहायचं असतं. नाथाजींनी ते तिथंच बसून लिहिलं. पाळीच्या यादीतला बदल सचिव नाथाजी यांच्या हातून झाला. त्याचा आळ त्यांनी पाटकरी ज्योतिबा यांच्यावर खात्री न करता घेतला आणि सभेने तो चौकशी न करता मान्य केला. ज्योतिबा यांचा काही दोष नव्हता. ‘सभेने’ या शब्दापाशी पेन थांबलं होतं, पण त्यांनी तो ठेवला. खाली सही केली आणि वही चेअरमनांपुढे धरली.

दादासोंनी दोनदा वाचलं. “आसं लिवलं तर मी सही करनार न्हाई. सौंस्थेची अब्रू हाय ह्येच्यात.”

“तुमची मर्जी.”

“फौजी, तुमचीच जातीय की ओ अब्रू. मला काय.”

“हो,” नाथाजी म्हणाले.

वही बिनसहीची राहिली. खुर्च्या सरकल्या, माणसं गेली. जाताना नानासो त्यांच्या खांद्यावर हात ठेवू की नको अशा बेताने जवळ आला आणि नुसताच गेला. अर्जुना दारापर्यंत जाऊन वळला. त्याने रामराम केला नाही.

पुढच्या सभेची नोटीस नाथाजींनी त्याच आठवड्यात तयार केली. मशीन सुरू केलं, दोन ओळींतली खालची निवडली. विषय क्रमांक एक, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. दहा वर्षं हे वाक्य त्यांनी जुन्या नोटिशीवरून उचलून नव्या नोटिशीत टाकलं होतं. सही नसलेलं इतिवृत्त कायम होत नाही. ते पुढच्या सभेत पुन्हा मोठ्याने वाचावं लागतं, आणि तेव्हाही सही झाली नाही तर त्याच्या पुढच्या. वाचायचं काम सचिवाचं. नाथाजींनी या वेळी ते वाक्य उचलून टाकलं नाही. एकेक अक्षर नव्याने टाइप केलं, चौदा प्रती काढल्या, आणि मग पंधरावी, साताऱ्याच्या पत्त्यावर.